कवडूच्या गाण्यांवरचा टॅग

पुंडलिकराव मेंढे यांच्या घरात खोबरेल तेलाच्या बाटलीवर पेनाने रेघ मारलेली असे. तेल रेघेखाली गेलं की ते एकेकाच्या डोक्याकडे रोखून बघत. तेल लावणारे घरात चौघं होते आणि त्यांत ते स्वतःही होते, पण ही बाब त्यांच्या ध्यानात कधी येत नसे.

सगळी नोकरी त्यांनी प्लांटमध्ये, वीजदुरुस्तीत काढली. तिथला एक नियम त्यांच्या अंगात भिनला होता. मशीनवर काम करायचं तर आधी वीज बंद करून स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग लटकवायचा: शटडाऊन, काम चालू आहे, हात लावू नये. ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. मोठा साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण तारेच्या पलीकडे कुणाचा तरी जीव असतो. पुंडलिकरावांचा जगात कशावर विश्वास असेल तर तो या टॅगवर.

रिटायर झाल्यावर वैशाली नगरच्या घरात त्यांना कंप्युटरचा नाद लागला. सकाळी सून वंदना, हिंदीत वाढलेली, त्यावर एका दुकानाची बिलं करी, दुपार पुंडलिकरावांची. जुन्या कॅसेटी त्यांनी बाजारातल्या एका पोराकडून कंप्युटरमध्ये भरून घेतल्या होत्या. बुरशी धरलेल्या कॅसेटी कबाडीवाल्याने नेल्या. आता ते गाणी रचून ठेवत, तीही पाळीप्रमाणे: पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी असे फोल्डर. गायक कोण, साल कुठलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. गाणं या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये टाकताना कंप्युटर मध्येच काहीतरी विचारी. पुंडलिकराव न वाचता ‘हो’ दाबत. मशीनने माणसाला फार प्रश्न विचारू नयेत, असं त्यांचं मत होतं.

या सगळ्यात एक कॅसेट कवडूची होती. कवडू म्हणजे त्यांच्या बायकोचा, दुर्गाबाईंचा, धाकटा भाऊ. आमगावच्या पुढे त्यांचं गाव. तिथे दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या नाटकात, तो गायचा, आणि पुंडलिकरावांनीच एका वर्षी समोर बसून टेपमध्ये भरून घेतला होता. पुढे कवडू वारला, घर विकलं गेलं. दुर्गाबाईंना भाऊबीजेला जायला जागाच उरली नाही. दुपारी कवडूचं गाणं लागलं की त्या स्वयंपाकघरात गॅस बारीक करत आणि पुरतं ऐकून मगच मोठा करत.

एका दुपारी पुंडलिकरावांनी रात्रपाळीतलं कवडूचं पहिलं गाणं लावलं आणि निघालं भजन. दुसरं लावलं, तेही भजन. आत दुर्गाबाईंचा कुकर घासणारा हात थांबला. इथे पुंडलिकरावांनी तेवढ्यात आरोपी ठरवून टाकला. कंप्युटर भरलाय, हळू चालतो, असं वंदनाच परवा म्हणत होती. आपल्या बिलांना जागा करायला तिनेच कवडूला उडवला. शंकाच नको.

पण त्यांनी विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे बोटांचे ठसे घ्यायला त्यांनी माउसवर टाल्कम पावडर भुरभुरली. वंदना आली, तिने ओढणीने माउस पुसला. “बाबा, इसपे पावडर किसने गिराया?” म्हणाली आणि बिलं करत बसली. मग पुंडलिकराव जेवताना सुरू झाले.

“आजकाल या घरात जुन्या माणसाची वस्तू टिकूनच नाही राहिली.”

मुलगा नरेशने भातावर वरण ओतून घेतलं. वंदनाने सासऱ्यांना भाजी वाढली. चोर असाच गरिबासारखा वागतो, हे पुंडलिकरावांना ठाऊक होतं. आठवडाभर रोज तेच चाललं.

शेवटी वंदना भाजीला गेलेली पाहून ते तिचे फोल्डर धुंडाळायला बसले. स्क्रीनच्या मधोमध एक नवा फोल्डर होता आणि त्याचं नाव होतं: शटडाऊन, काम चालू आहे, हात लावू नये – दुर्गा.

त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला. फोल्डर उघडायची छाती झाली नाही. म्हणजे सासू-सुना मिळालेल्या आहेत तर! त्यांनी बायकोला हाक मारली.

“हे तू लावलं?”

“लावलं वंदनानं. नाव माझं हाय, मीच सांगतलं होतं.”

“आत काय हाय?”

“कवडू.”

“म्हणजे तुमी दोघींनी लपवला. कावून?”

दुर्गाबाईंनी पदराला हात पुसले. “तुमच्यापासून वाचवाले.”

“माझ्यापासून?”

“वंदनानं पाहून सांगतलं मले. त्या पोरानं सगळ्याच कॅसेटीच्या गाण्याईले एक नंबर, दोन नंबर असेच नाव देले होते. तुमी कवडूले रात्रपाळीत टाकलं. मंग भजनं बी तिथंच टाकले. कंप्युटरनं इचारलं, ह्या नावाचं गाणं हाय, त्याच्या जागी हे ठेवू का. तुमी हो म्हणलं. भजनं चार होते, कवडूचे चार गेले. खालचे दोन राहिले, ते मी उचलाले लावले.”

“मंग मले सांगाचं नाही?”

“मी सांगतलं असतं तर म्हणले असते, वंदनानं शिकवून देलं. ते तर घासाघासाले तुमचं ऐकून राहिली. मीच म्हणलं तिले, चूप राह्य. आपल्याच हातानं गेलं समजलं तर बाबा जेवाचे नाही.”

पुंडलिकरावांनी आणखी कुणावर काही ढकलता येतं का ते मनातल्या मनात पाहिलं. कुणी उरलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. गेला होता तो हिचा भाऊ, आणि जपलं होतं हिने त्यांना.

वंदना पिशवी घेऊन आत आली आणि दारातच थबकली. पुंडलिकराव खुर्चीवरून उठले.

“बस,” ते म्हणाले. “मी तुले नाही नाही ते बोललो. चुकलं माझं. ते चार वापस येतील का?”

“नाही बाबा. मैंने उस लड़के से भी पूछा. त्याच्याकडे काहीच नाही.” तिने सासूकडे पाहिलं. “आई, टॅग काढू?”

“जिनं लावला तिलेच काढू दे,” पुंडलिकराव म्हणाले.

दुर्गाबाई जन्मात पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसल्या. वंदनाने त्यांच्या हातावर हात ठेवून माउस फिरवला. टॅगची अक्षरं पुसली गेली.

“आता याला काय नाव देऊ? दंडार लिहू?”

“माहेर लिही,” दुर्गाबाई म्हणाल्या.

वंदनाने लिहिलं आणि पाचवं गाणं लावलं. आधी टेपची खरखर आली, मग कवडूचा आवाज. आत गॅसवर वरण जोरात उकळत होतं. दुर्गाबाई उठायला लागल्या, तेवढ्यात पुंडलिकराव आत गेले आणि त्यांनी गॅस बारीक केला.