चौकटीबाहेरचं पाऊल

वसंतअण्णा पंच म्हणून उभे राहिले की तोंडातल्या तोंडात बोलत राहायचे. मी कॅचर, त्यांच्या पुढ्यातच उकिडवी बसायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. बॅट घेऊन पोरगी आली की यांचं सुरू, "अक्का, पाय आत घे की गं." शाळकरी पोरींनाही ते अक्काच म्हणत.

केशवापूरच्या एका शाळेत ते ड्रिल शिकवायचे. सामन्याआधी बॅटिंगची चौकट फक्कीनं स्वतः आखायचे. सॉफ्टबॉलचा नियम साधा आहे. बॅट चेंडूला लागताना अख्खं पाऊल रेषेबाहेर टेकलेलं असलं की बाद. रेषेवर असलं तर चालतं. पण पंचानं शिकवायचं नसतं. मी चिडायची, "अण्णा, तुम्ही कुणाच्या बाजूचे हो?" तर म्हणायचे, "एवढ्याशा पायापायी पोरगी घालवायची? आधी सांगितलं तर काय बिघडलं?"

राज्य संघाची निवड धारवाडला होती. सामन्याआधी निवड समितीच्या साहेबांनी अण्णांना माझ्यासमोरच झापलं, "पंच आहात की कोच? आज तोंड उघडलंत तर पुन्हा बोलावणार नाही." अण्णा खाली बघून म्हणाले, "बरं री, साहेब."

रेणुका बॅटिंगला आली. तिचे वडील धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात हमाली करायचे. यंदा निवड झाली नाही तर खेळ बंद, असं त्यांनी बजावलं होतं. मारण्याच्या भरात डावा पाय पुढं टाकायची तिची जुनी खोड. मी कान देऊन बसले. मेलं, मागून एक शब्द नाही!

आणि काय मारलं तिनं! चेंडू थेट कुंपणापार. पोरी नाचायला लागल्या. अण्णांनी मूठ वर केली, "बाद." रेषेच्या पुढं तिचं अख्खं पाऊल मातीत उमटलं होतं. भांडायला जागाच नव्हती. संघात तिचं नाव लागलं नाही.

आठवड्यानं अण्णा मला घेऊन केलगेरीला तिच्या घरी गेले. वडिलांना म्हणाले, "अजून एक वर्ष द्या, मी शिकवतो तिला."

"सोमवारपासून कामाला लागली ती, सर," वडील म्हणाले.

रेणुकानं चहा आणला. "पाय बाहेर गेलेला मला कळलाच नाही, अण्णा."

"मला दिसत होतं गं. तू उभी राहिलीस तेव्हाच दिसलं, हा जाणार म्हणून."

"मग सांगायचं की हो," ती म्हणाली. रागानं नव्हे, अगदी सहज.

अण्णांनी चहा घेतला नाही. त्यानंतर ते वारले तोवर, मैदानावर मी त्यांना कधी पाहिलं नाही.