तालमीचं बुटकं दार

तो गोल मी वाचवला होता, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढची गोष्ट सुरू झाली की लोक नेमकं तेवढंच विसरतात. मी पेठेतल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. समोरच्याच्या पायावर झेप घातली, बॉल छातीशी कवटाळला आणि त्याचा गुडघा माझ्या डाव्या बरगडीखाली बसला. मॅच जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घ्यायच्या आतच मला दरदरून घाम फुटला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

हॉस्पिटलातल्या स्कॅनमध्ये प्लीहेला, म्हणजे आमच्या भाषेत पानथरीला, चीर गेलेली दिसली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्तस्राव सध्या थांबलाय. गप पडून राहिलात तर प्लीहा वाचेल. पुन्हा सुरू झाला तर ती काढावी लागेल."

मी सेमीफायनलचं विचारलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच डोकं उशीवर टेकलं.

बाईंनी मग कागदावर चित्र काढून दाखवलं. इतर अवयवांत रक्त नळीतून नळीत जातं. प्लीहेत मात्र त्यातलं काही मऊ गरात मोकळं सांडतं. तिथून परत शिरेत जायला भिंतीत बारीक फटी असतात, तांबड्या पेशीहूनही अरुंद. ताजी पेशी अंग दुमडून पार होते. म्हातारी, ताठर झालेली पेशी अडकते आणि तिचा निकाल तिथंच लागतो. हा अवयव असा रक्तानं गच्च भरलेला असतो, म्हणून त्यावर जराही दाब नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तालमीचे वस्ताद आले. आमच्या पेठेत मुका मार वस्तादांच्या हाताखालून गेल्याशिवाय बरा झाला असं कुणी मानत नाही. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातानं बाही वर सारत ते थेट कॉटपाशी आले.

"वैनी, जरा सरा. चोळून मोकळा करतो त्येला."

"हात लावू नगासा," आई म्हणाली. वस्तादांना नाही म्हणणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

"आजवर कुणाचं वाईट केलंय व्हय मी?" त्यांनी चादर बाजूला केलीसुद्धा. मला भीती वाटली, खरीखुरी. उठून पळायचीही सोय नव्हती.

"वस्ताद," मी घाईनं म्हणालो, "आपल्या तालमीचं दार बुटकं का हाय?"

"वाकल्याबिगर कुनी आत येऊ न्हाय म्हून. त्येचं काय आता?"

"तसलीच दारं हैत माज्या पानथरीत. ताजं रगात वाकून आत जातंय. ताठ ऱ्हायलं की भाईरच. आन् त्या तालमीची भिंतच चिरलीया. तुमी दाबलं तर समदं पोटात सांडंल."

वस्तादांनी चादर परत माझ्या अंगावर ओढली. मग बाटलीला बूच लावलं, स्टूल उचललं आणि खोलीच्या दाराबाहेर जाऊन बसले. त्यानंतर भेटायला आलेली सगळी पेठ त्यांनी तिथूनच परतवली. "पावणं, लांबनं बघा! आत भिंतीचं काम चाललंय!" मला हसूही येईना, हसलं की कळ यायची. पण आयुष्यातला सगळ्यात भारी बचाव मी आडवा पडून, हात न हलवता केला होता आणि त्याचा मला भयंकर अभिमान वाटत होता.

सेमीफायनल पोरं माझ्याविना जिंकली, फायनल हरली. माझी प्लीहा मात्र जागची हलली नाही. काही महिन्यांनी शेवटच्या सोनोग्राफीत बाईंनी स्क्रीन माझ्याकडं वळवला. वाहतं रक्त दाखवणारे तांबडे, निळे ठिपके सरसर पळत होते. "खेळा आता," त्या म्हणाल्या.

मी तडक तालमीत गेलो. वस्ताद दारातच उभे होते, मागं सगळा संघ.

"वाक बघू," ते म्हणाले.

इतके दिवस बुटाची नाडी बांधायचं धाडस झालं नव्हतं. मी वाकलो. पार कमरेतून वाकलो. कुठंच कळ आली नाही.

वस्ताद मागं वळून ओरडले, "ताजं हाय की रं! सोडा आत!"