क्षमस्व लिहिणारा संशयित

ते प्रकरण आठवले की अजून हसू येते, आणि थोडी लाजही वाटते. मी तेव्हा इंदूरमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. पंचविशीतली एक मुलगी लेखी तक्रार घेऊन आली. तिचे वडील वारले होते. त्यांचा टपाल तिकिटांचा संग्रह जाणत्या माणसाकडे जावा म्हणून तिने ऑनलाइन जाहिरात दिली होती. पहिल्या पानावरच्या होळकर संस्थानाच्या तिकिटाचा फोटो टाकला आणि एका अनोळखी माणसाचे संदेश सुरू झाले.

"सर, तो बोलतो की तिकीट गलत आहे. म्हणजे माझे पप्पा काय झूठे होते?" एवढे म्हणून ती रडायलाच लागली.

मी संदेश वाचले. 'आदरणीय ताई, आपण टपालाचे म्हटलेले तिकीट कोर्ट फीचे असावे असे वाटते. कृपया तपासून पाहावे. माझी चूक असल्यास क्षमस्व.' असे तीन संदेश होते.

शिवी देणाऱ्यापेक्षा गोड बोलणाऱ्यापासून जपावे, हे मी नोकरीत शिकलो होतो. आधी माल खोटा ठरवायचा आणि मग मातीमोलाने उचलायचा, ही जुनीच युक्ती. आमच्या हवालदारांचेही तेच मत पडले. "साहेब, इतकी तमीज तर आमचे जावई पण नाही दाखवत. दाल में कुछ काला है."

सायबर शाखेने नंबराचा पत्ता काढला, तो निघाला इंदूरजवळच्या बेटमा गावचा. फोन केल्यावर संशयित दुसऱ्या दिवशी आपणहून बसने हजर झाला. सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक, इस्त्रीचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. मी आवाज चढवूनच सुरुवात केली.

"ते तिकीट स्वस्तात पाडून पाहिजे होतं ना?"

"नाही साहेब, माझ्याकडे आहे ते."

"मग तुम्हाला काय पडलंय?"

"जाहिरातीत लिहिलं होतं ना, स्वर्गीय वडिलांचा संग्रह. उद्या कोणी घेईल, मग बोलेल की फसवलं. गेलेल्या माणसाचं नाव खराब होईल, म्हणून इत्तला दिली."

माझा विश्वास बसेना. पिशवीची झडती घेतली, तर एक वही निघाली. ज्या ज्या विक्रेत्याला लिहायचे त्या प्रत्येकाचा मजकूर आधी कच्चा लिहिलेला. 'हे चुकीचे आहे' खोडून 'असावे असे वाटते' केलेले. या मुलीचा मजकूर तर चार वेळा बदलला होता. समासात प्रत्येकाचे उत्तर नोंदवलेले, आणि बहुतेक ठिकाणी एकच नोंद: 'ब्लॉक केले. हरकत नाही.' विकत मागितल्याचा एक शब्द सबंध वहीत नव्हता. मी वही मिटली आणि आधी त्यांच्यासाठी पाणी मागवले.

मग मुलीला अल्बम घेऊन बोलावले. गुरुजींनी तिची परवानगी मागितली, चष्मा पुसला आणि बारीक चिमट्याने तिकीट हळूच उचलले.

"ताई, आम्हा जमवणाऱ्यांची आदत असते. शंकेची गोष्ट तिकिटाखाली पेन्सिलने लिहून ठेवायची. बघा, पप्पांनी लिहिलंय."

तिने अडखळत वाचले. 'टपालाचे नाही, कोर्ट फीचे. दुकानात छोटीने हट्टाने निवडले, म्हणून पहिल्या पानावर.'

"छोटी म्हणजे मी," ती म्हणाली. गुरुजींनी तिकीट पुन्हा जागच्या जागी बसवले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तिथेच, माझ्या टेबलासमोर, जाहिरात काढून टाकली. तक्रार मागे घेतल्याची नोंद रोजनामच्यात झाली.

जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मला कोर्ट फीचे तिकीट ओळखता आले नव्हते, ते एक वेळ चालेल. पण समोरचा माणूस ओळखता आला नाही, हे मनाला लागले. ठग गोड बोलतो हे खरे, पण गोड बोलणारा ठगच असतो असे नाही. एवढी साधी गोष्ट कळायला मला अख्खी नोकरी लागली.

संध्याकाळी मी गुरुजींना माफीचा संदेश लिहायला बसलो. आधी कागदावर कच्चा लिहिला, आणि चार वेळा खोडला.