शेळ्यांवरून उतरवलेलं मीठ

मी जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळं, आक्कामुळं. सातवीनंतर शाळा सोडून तिनं घरच्या शेळ्या सांभाळल्या, म्हणून मी राधानगरीकडच्या गावातून कोल्हापूरच्या कॉलेजात पोचलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तिचे उपकार लिहायला बसलो की मला राग येतो, गल्लीचा आणि स्वतःचाही; तो लपवण्यात अर्थ नाही.

आक्काचा हात बारीक. शेळी अडली, करडाचा पाय आत दुमडला, की गल्लीतल्या बायका तिलाच हाक मारायच्या. हाताला तेल लावून ती करडू आतल्या आत फिरवायची आणि अलगद बाहेर काढायची. लग्नानंतरही माहेरी आली की हे काम तिच्याकडंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सातव्या महिन्यात आक्का पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा सुट्टीमुळं मीही घरी होतो. ती यायच्या आधीच आमची एक गाभण शेळी गाभडली होती. मग शेजारच्या काकूंची गाभडली, मग पलीकडच्या घरातली. शेळ्या दिसायला धडधाकट, खाणंपिणं नीट, आणि दिवस भरत आले की मेलेली करडं टाकायच्या.

"आक्के, जरा ये की," काकूंनी एका सकाळी हाक मारली. "निम्मं भाईर हाय, निम्मं आत."

आक्का पोट सावरत गेली. काकूंची ही दुसरी शेळी; ती मी धरली. तिनं मेलेलं करडू ओढून काढलं, मागं अडकलेला जार, म्हणजे वार, हातानं सोडवून उकिरड्यावर टाकला आणि पदराला हात पुसत मला विचारलं, "तुझ्या त्या बुकात शेळी हाय का न्हाय?"

"हाय की. एक पान."

"मग जा, तिला पाला घाल. बुकात उपाशी मरंल."

काकू हसल्या, मीही हसलो. त्या पानावर काय आहे ते मात्र मी सांगितलं नाही. पान मला पाठ होतं. क्यू फीवर. शेळ्यामेंढ्या गाभडतात, जंतू जारात आणि विताना येणाऱ्या पाण्यात भरलेले असतात, श्वासावाटे माणसाला लागतात, गरोदर बाईचं मूल जाऊ शकतं. परीक्षेत त्यावर टीप आली होती आणि मी ती पूर्ण लिहिली होती. पण ते सगळं मला परदेशातल्या कुठल्यातरी कुरणातलं वाटत होतं. माझ्या बहिणीच्या कोपरापर्यंत ओल्या झालेल्या हातावर ते असेल, हे मनातसुद्धा आलं नाही.

तीनेक आठवड्यांनी आक्काला ताप भरला. डोकं इतकं दुखायचं की ती भिंतीला टेकवून बसायची. डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. घरात जनावरं कोणती, त्यांना काय झालंय, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. तापाच्या आठव्या दिवशी बाळ पोटातच गेलं. मुलगी होती.

मग गल्लीनं आपला निकाल दिला. जिचं स्वतःचं टिकलं नाही, तिचाच हात शेळ्यांना बाधला. काकू आईकडं आल्या.

"वैनी, राग मानू नका. पण तिची दिष्ट तिनंच उतरवाय पायजे. जितक्या घरात हात घातला तितक्या घरात."

आई नाही म्हणाली नाही.

आक्का अंथरुणातून उठली. भर दुपारी घरोघरच्या गोठ्यात जाऊन तिनं मीठ, मोहऱ्या आणि वाळक्या मिरच्या शेळ्यांवरून ओवाळल्या. तोल जाऊ नये म्हणून एका हातानं दावणीचा खुंटा धरायची. काकूंच्या गोठ्यात ती शेळीपुढं वाकून म्हणाली, "बाई, माझं चुकलं आसंल तर माफ कर."

ताट माझ्या हातात होतं. आमची शेळी आक्का यायच्या आधीच गाभडली होती, एवढं म्हणायला तर पुस्तकही लागत नव्हतं. तेही मी म्हणालो नाही.

पुढं तिला दोन मुलगे झाले. पण कुणाच्याही डोहाळजेवणात ती मागंच बसायची, ओटी भरायला पुढं यायची नाही.

मी पदवी घेतली, कोल्हापुरात एका प्रयोगशाळेत लागलो. काही वर्षांनी कळंब्याच्या बाजूच्या एका कळपातल्या शेळ्या गाभडल्या. त्यांचं रक्त आम्ही बाहेर तपासायला पाठवलं. अहवालात तेच नाव आलं, माझ्या टिपेतलं. आक्काचं रक्त तेव्हा कुणी घेतलं नव्हतं, त्यामुळं तिला हेच झालं होतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण काकूंवरचा राग त्या दिवशी बराच उतरला. त्यांनी ते पान वाचलं नव्हतं. मी वाचलं होतं.

त्याच आठवड्यात माझ्या बायकोच्या डोहाळजेवणाबद्दल आक्काचा निरोप आला: "मी येईन, पण ओटी दुसऱ्या कुणाकडनं भरून घ्या." मी तिला पत्र लिहिलं.

आक्का,

तुझा निरोप मिळाला. तो मला मान्य नाही.

तुझ्या हातानं एकही शेळी गाभडली नाही. त्यांना रोग होता. तो जारातून तुला लागला असणार आणि त्यातच तुझी मुलगी गेली असणार. तपासणी झाली नाही म्हणून 'असणार' लिहितो. तू बुकातल्या शेळीबद्दल विचारलंस, तेव्हा त्या पानावर हेच होतं. मला पाठ होतं आणि मी हसलो. तू शेळीची माफी मागितलीस. ती मी तुझी मागायला हवी होती. आज मागतो. माफ करायचं की नाही ते तू ठरव.

आईला आणि काकूंना मी रविवारी स्वतः जाऊन सांगणार आहे, गल्लीत उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुझ्याकडच्या शेळ्या व्याल्या तर जार उघड्या हातानं धरू नकोस. खोल खड्ड्यात चुना घालून पूर. पोटुशी बाई तिथं येऊ देऊ नकोस. दूध उकळल्याशिवाय पोरांना देऊ नकोस.

तुझ्या भावजयीला मी सगळं सांगितलंय. ती म्हणते, पहिली ओटी आक्कांनी भरायची, नाहीतर मी पाटावर बसणार नाही. तिचा हट्ट तुला माहीत आहे. ये.

तुझा भाऊ