सर्व्हिस लिफ्टजवळचं स्टूल

रेखाचा फोन आला तेव्हा मी मानेसरला एका कारखान्याच्या गेटबाहेर पत्रकं वाटत होते. "दीदी, मैडम उठ नहीं रहीं," एवढंच ती म्हणाली. मी काही विचारायच्या आत पुढे म्हणाली, "आज लिफ्ट बहुत देर से आई, दीदी..." खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला. माणूस उठत नाहीये आणि ही लिफ्टचं काय घेऊन बसलीय! आता पाच आठवडे झाले. राग अजून आहे, पण तो रेखावरचा नाही.

कुंदामावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. दिल्लीतल्या एका कॉलेजात तिने जन्मभर समाजशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि रिटायर झाल्यावर फरीदाबादच्या एका सोसायटीत नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. रेखा तिच्याकडे स्वयंपाकाला होती, मूळची बिहारमधल्या मधुबनीकडची. या सोसायट्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते : प्रत्येक टॉवरला तीन लिफ्ट असतात. दोन आरशांच्या, रहिवाशांसाठी. तिसरी मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे, पत्र्याची. कामवाल्या बायका, डिलिव्हरीवाले, सामान, कचरा, सगळं त्या एकीतून. सकाळी सातला तिथे पन्नास बायका उभ्या असतात, आणि पुढे आरशांच्या दोन लिफ्ट तोंडं उघडून रिकाम्या असतात. बसायचीही परवानगी नाही. लॉबीतला सोफा रहिवाशांचा.

मावशीने राहायला आल्याच्या दुसऱ्या महिन्यात मेन लिफ्ट सोडली आणि मागच्या पत्र्याच्या लिफ्टने जाऊ लागली. मी तेव्हा नुकतीच कामगार संघटनेत गेले होते, मला ते फार आवडलं. म्हटलं, मावशी, यावर पत्रक काढू. तिने माझं पत्रक वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "उद्गारचिन्हं चौदा आहेत, यार. माणूस एकही नाही. आधी बघ, मग ओरड." स्वतः ती बघत होती. एक वही होती तिची, तीत रोज सकाळी लिहायची : कोण किती वेळ थांबलं, वर गेल्यावर उशिराबद्दल कोणाला काय ऐकावं लागलं. मी म्हणायचे, पगार बघ, कंत्राट बघ, हे काय थांबण्याचं घेऊन बसलीस! ती म्हणायची, "पगाराचं लोक खोटं सांगतात गं, देणारेही आणि घेणारेही. थांबण्याचं खोटं सांगता येत नाही. कोण कोणासाठी थांबतं एवढं बघ, समाज कळतो." मला तेव्हा ते रिटायर्ड प्राध्यापकांचे चोचले वाटायचे.

मग तिने ते स्टूल आणलं. निळं, प्लॅस्टिकचं, आठवडी बाजारातलं. सर्व्हिस लिफ्टच्या बोळात ठेवलं. गार्डने संध्याकाळी उचलून नवव्या मजल्यावर आणून दिलं. दुसऱ्या सकाळी ती ते घेऊन पुन्हा खाली. हे रोज चाललं, दोन वर्षं! "मैडम, हमारी नौकरी जाएगी," गार्ड म्हणायचा. "तुम हटाओ, भैया, वो तुम्हारी ड्यूटी है. मैं रखूँगी, वो मेरी," मावशी म्हणायची, आणि त्याला चहा द्यायची. बोळातली फरशी खचलेली, स्टूल डुगडुगायचं. तिने माझं पत्रक चार घड्या घालून त्याच्या पायाखाली सारलं आणि मला फोन करून सांगितलं, "अभिनंदन. तुझं पत्रक पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामी आलं."

गेल्या हिवाळ्यात तिने सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव मांडला : लिफ्ट सगळ्यांना खुल्या करा. मीही मागे बसले होते. सातव्या मजल्यावरचे एक मराठी काका, केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, दर गणपतीला तिच्याकडे जेवायला येणारे, ते उठून गोड आवाजात म्हणाले, "कुंदाताई, तत्त्व बिल्कुल बरोबर आहे हो तुमचं. पण हायजीनचा प्रश्न आहे." मावशीने विचारलं, "गणपतीत मोदक किती खाल्लेत?" काका हसले, म्हणाले, "सात! ते कसे विसरणार?" "रेखाने वळले होते. हाताने."

मग मतदान झालं. ठरावाच्या बाजूने मावशीचा एकटीचा हात. मोदक पचलेले होते.

ती झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, पहाटेच, रेखा वेळेवर पोचली असती तरी फरक पडला नसता. रेखाला हे मी तीनदा सांगितलं. तिने तिन्ही वेळा मान हलवली.

दुपारी शववाहिनी आली. ड्रायव्हर वर येऊन बघून गेला आणि म्हणाला, बड़ी वाली से ले चलो, स्ट्रेचर सीधा जाएगा. बरोबरच होतं, पत्र्याची लिफ्टच लांब आहे, आरशांच्या लिफ्टमध्ये आडवं माणूस मावत नाही. पण सोसायटीचे सेक्रेटरी आडवे आले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, तेही खोटं नसावं. "मैडम को कचरे की लिफ्ट से? सवाल ही नहीं. सम्मान की बात है." आणि काय केलं आम्ही? मावशीला जेवणाच्या खुर्चीवर बसवलं. चादरीने बांधलं. जी बाई रोज हट्टाने मागच्या लिफ्टने गेली, तिला आरशासमोर बसवून नेण्यासाठी खुर्चीला बांधलं! डोकं कलत होतं, ते रेखाने मागून दोन्ही हातांनी धरलं होतं. लिफ्टच्या दाराशी सेक्रेटरी तिला हळूच म्हणाले, "तुम उधर से आ जाओ."

रेखाने माझ्याकडे पाहिलं.

मी, गेटवर ओरडून ओरडून घसा बसवून घेणारी, चौदा उद्गारचिन्हांवाली... मी एक शब्द बोलले नाही. वाद घालायची ही वेळ नाही असं मनात आलं. असंच येतं, प्रत्येकाच्या. मी रेखाच्या हातांतून ते डोकं माझ्या हातांत घेतलं आणि लिफ्टमध्ये शिरले. आरशात आम्ही सगळे दिसत होतो. रेखा नव्हती.

ती मागच्या लिफ्टसाठी थांबली. खाली पोचली तेव्हा शववाहिनी गेटबाहेर पडली होती. किती वेळ थांबली ते कोणी लिहून ठेवलं नाही. वहीवाली गेली होती.

परवा फ्लॅट रिकामा करायला गेले. आधी मागच्या बोळात गेले. निळं स्टूल तिथेच होतं. गार्डला विचारलं, आता उचलत नाहीस? तो म्हणाला, "किसके घर दूँ? मैडम थीं तो मालूम था, सुबह वापस आ जाएगा." पायाखाली माझं पत्रक होतं, मातीने काळं पडलेलं. मी स्टूलावर बसले नाही. तेवढ्यात रेखा आली. आता ती अकराव्या मजल्यावर काम करते. मावशीची वही मी त्या दिवशीच घरी नेली होती, ती पिशवीतून काढली, म्हटलं, रेखा, आता मी लिहीन. मी इथेच थांबते तुझ्याबरोबर.

तिने पदराने स्टूल पुसलं आणि त्यावर बसली.

"आप आगे वाली से जाइए, दीदी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आपको वहाँ कोई मना नहीं करता."