थर्मोस्टॅट कुणी काढला?

वोनोसोबोच्या थंड डोंगरगावात पाक, म्हणजे काका, जुमादी तीस वर्षे गाड्या दुरुस्त करीत. हात देवाने सोन्याचे दिले, पण मन जळत असे. कारण समोर पाक सर्वोतोंनी संगणकाने दोष शोधणारे गॅरेज थाटले, आणि जुनी गिऱ्हाइके तिकडे वळली.

एके सकाळी बू, म्हणजे काकू, नगातिनाह यांची जुनी पेट्रोल-इंजेक्शनची गाडी काळा धूर ओकत आली. "पाक, सर्वोतोंनी दोन सेन्सर बदलले, तरी मेली वर्षानुवर्षे पिते तसे पेट्रोल पितेच आहे!"

जुमादी मनोमन सुखावले. मत्सराला परक्याच्या चुकीसारखा गोड प्रसाद नाही! प्लग काजळलेले होते. अर्धा तास इंजिन चालवूनही रेडिएटरची नळी कोमटच! इंजिन गारच आहे असे समजून गाडीचा संगणक जादा पेट्रोल सोडत होता. जुमादींनी इंजिनावरचे, नळीच्या तोंडाचे झाकण उघडले. आत इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅटच नव्हता.

बघायला आलेले सर्वोतो हसले. "कुणा शहाण्याने काढला हो?"

इंजिन तापू नये म्हणून इथे सगळेच तो काढून टाकत. जुमादींना आपलाच हात आठवला.

"मीच," ते म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी."

"मग बसवाही तुम्हीच, आणि फुकट!" बू नगातिनाह कडाडल्या.

सर्वोतोंनी चिडवले नाही. ते परत गेले आणि आपल्याकडचा नवा थर्मोस्टॅट घेऊन आले. तो हाती घेताना जुमादींचा जीव जितका जळला, तितका गिऱ्हाइके गेली तेव्हाही जळला नव्हता.