पांढरं पडलेलं मोरचूद

आधी बाईंचं सांगते. आमच्या रोपवाटिकेच्या पलीकडे राहतात, सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. नाव लिहू नको म्हणाल्या, म्हणून नुसतं बाई. त्या दिवशी त्या कढीपत्ता न्यायला आल्या नसत्या, तर वालूरजवळच्या या खोलीत मी आज नसते.

मी धुळ्याकडची. सहावीनंतर शाळा सुटली. इथं मोसंबीची कलमं सांभाळते. माझं बोलणं ऐकून बाया अजून हसतात. काही गेलं-हरवलं की पहिली नजर परक्या मुलखातल्या माणसावर जाते, ही धास्ती मनातून कधी गेलीच नाही.

कलमांवर बुरशीसाठी फवारायच्या बोर्डो मिश्रणाला पाच किलो मोरचूद आणलं होतं. पत्रा गळला आणि निळ्या खड्यांचा चिखल झाला. मालक म्हणाले, "वाळवून ठेव." तीन दिवस ऊन नाही, फवारणी तोंडावर, अंगात त्राण नाही. मी ते लोखंडी घमेल्यात घालून चुलीवर ठेवलं आणि रवा भाजावा तसं परतत बसले. वाफ निघत गेली. निळं फिकटलं, शेवटी राखेसारखं पांढरं झालं. घमेल्याच्या तळाला तांबूस थर धरला. काट्यावर ठेवलं तर साडेतीन किलो. तीनदा ठेवलं. साडेतीनच.

"मोरचूद काय लोणी हाय का कढवायला?" मालक आल्या आल्या म्हणाले. मग काटा बघितला. "आन् दीड किलो कुठं गेलं? कुणाला दिलंस?"

"कुणालाच नाही," एवढंच म्हणता आलं. कुठं गेलं ते मला तरी कुठं माहीत होतं?

बाई कढीपत्ता घेऊन दारात उभ्या होत्या, त्या मालकांना म्हणाल्या, "चोरी म्हणायच्या आधी तपासून तरी बघ. सातवीत शिकवलंय मी तुला."

"बाई, सातवीतलं कुणाच्या ध्यानात राहतंय?"

"तेच दिसायलंय."

डब्यात जुनं, कोरडं मोरचूद थोडं उरलं होतं. बाईंनी त्यातलं शंभर ग्रॅम मोजून फुटक्या तव्यात तापवलं, वर थंड ताटली धरली. ताटलीला थेंब आले. "खडे कोरडे दिसतात, पण पाणी यांच्या अंगातच असतंय. तापले की सोडतात." पांढरं झाल्यावर मोजलं तर सत्तरही भरेना. चिमूटभर ताटलीत घेऊन त्यावर पाणी शिंपडलं. लगेच निळं झालं, आणि ताटली हाताला गरम लागली.

मालक म्हणाले, "नवं दीड किलो घालून पाच पुरं करू."

"कलमं जाळायचीत का? औषध जवळपास हाय तेवढंच हाय, गेलंय ते पाणी. हेच सगळं पाच किलोला ठरलेल्या पाण्यात टाक. आन् पोरीला बोललास ते माघारी घे."

"चुकलं," मालक म्हणाले. माझ्याकडे न बघता, पण म्हणाले.

"आन् तू," बाई माझ्याकडे वळल्या, "या घमेल्यात जनावराला पाणी ठेवू नको. तळाला तांबं बसलंय, मोरचूद विषारी असतंय."

फवारणी झाली. एक पान करपलं नाही. तरी आठवडाभर मी रोज पानं उलटून बघत होते.

बाईंना एका डोळ्यानं धड दिसत नाही. सोबतीला कुणी नाही म्हणून ऑपरेशन टाळतायत. ज्या दिवशी त्या हो म्हणतील, त्या दिवशी मालकांची बोलणी बसली तरी बसू देत, मी त्यांच्याबरोबर जाईन आणि पट्टी सुटेपर्यंत त्यांच्या घरी राहीन.